अर्धवट काडतुसं

मारिनुस आपल्या गळ्यात भंगार मारतोय, हे शैलेंद्रने पहिल्या पाच मिनिटांतच ठरवून टाकलं.

"माझा जुना टरेट प्रेस घेऊन जा," मारिनुस म्हणाला होता. "माझ्याकडे दोन आहेत. एक नुसता पडून आहे. काही द्यायचं नाही."

काही द्यायचं नाही! तिथेच शैलेंद्रच्या मनात पाल चुकचुकली. फेल्डहोवनसारख्या डच गावात सहा वर्षं काढलेल्या माणसाला एवढं ठाऊक असतं, की इथे लोक कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डब्याला झाकण लावतात. मग हा सत्तरीचा डच म्हातारा अख्खं यंत्र फुकट कशाला देईल? काहीतरी असणारच. दांडा वाकलेला असेल, नाहीतर चकती झिजलेली असेल.

आता हे यंत्र कसलं, ते आधी सांगायला हवं. शैलेंद्र गावाबाहेरच्या एका नेमबाजी क्लबचा सभासद होता. दर शनिवारी तासभर रिव्हॉल्वरने कागदी लक्ष्यावर नेम धरायचा, एवढाच त्याचा शौक. पण कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी दुकानांतून तयार काडतुसं गायबच झाली. तेव्हा क्लबातले जुने लोक करायचे तेच करणं भाग होतं. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, घरी न्यायच्या आणि त्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी पावडर आणि नवी गोळी बसवायची. हे सगळं हाताने दांडा ओढायच्या प्रेसवर होतं. साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम, दर कामाला डाय, म्हणजे साचा, बदला, माणूस मेटाकुटीला येतो. मोठ्या प्रेसवर सगळंच एकदम होतं, पण इतकं भराभर की काय चुकलं ते नवशिक्याला कळतही नाही. टरेट प्रेस ह्या दोहोंच्या मधला. वर एक गोल चकती, तिच्यात सगळे डाय एकदाच बसवलेले. पुंगळी जागची हलवायची नाही. दांडा ओढायचा, चकती फिरवायची, पुन्हा दांडा ओढायचा. चकतीचा फेरा पुरा झाला की काडतूस तयार.

"नवशिक्याने टरेटच घ्यावा," असंही मारिनुस म्हणाला होता. शैलेंद्रने घरी येऊन ते इंटरनेटवर चार ठिकाणी पडताळून पाहिलं. बरोबर निघालं, तेव्हा त्याला जरा वाईटच वाटलं.

शैलेंद्र माणूस वाईट नव्हता हो. चिप बनवायच्या मशीनमध्ये दोष कुठे आहे ते हुडकून काढणं हे त्याचं काम. संशय घेण्याचाच त्याला पगार मिळत होता म्हणा ना. पण ऑफिसातला संशय माणसाने ऑफिसातच ठेवावा की नाही? कोरोनाने ऑफिस घरात आणून बसवलं आणि त्याच्याबरोबर संशयही मुक्कामाला आला. दुधाच्या खोक्यावरची तारीख वाचायची, वर हुंगायचं, मगच ते चहात. कुरिअरवाला हसला, तर का हसला? टीमच्या कॉलवर दोघांचे कॅमेरे बंद आहेत, म्हणजे ते दोघं नक्की माझ्याविषयी चॅट करतायत.

"अरे, तुझ्या संशयाला रविवारची तरी सुट्टी दे," त्याची बायको प्रांजली म्हणायची. ती वरच्या खोलीत बसून एका बँकेचं काम करायची. खालच्या खोलीतल्या नवऱ्याच्या येरझाऱ्या तिला हेडफोन लावूनही ऐकू यायच्या.

नेमबाजीच्या रेंजवर तेवढं त्याचं डोकं शांत व्हायचं. समोर कागद, हातात ते वजन, धरलेला श्वास. कुणाविषयी काही मनात आणायला तिथे जागाच नसायची. शनिवारी दुपारी घरी यायचा तो माणसात येऊन. हसायचा, भांडी घासायचा, प्रांजलीला चहा करून द्यायचा. "बाकी काही जाऊ दे रे," ती म्हणायची, "तुझा हा शनिवार जाता कामा नये."

आणि तो जायला एक चूक पुरेशी होती. परवाना देण्याआधी पोलीस घरी येऊन भिंतीत ठोकलेली तिजोरी बघून गेले होते, आणि जाताना बजावून गेले होते. काडतुसांचं काम जिथे चालतं तिथे दुसऱ्या कुणी फिरकायचं नाही. बायकोनेसुद्धा नाही. तसं झालेलं कळलं, तर परवाना गेला म्हणून समज. शैलेंद्रला हा नियम मनापासून आवडला. कुणावरही विश्वास ठेवू नका, हे चक्क सरकार सांगत होतं!

मारिनुस हा त्या क्लबचा रेंजप्रमुख. क्लबची किल्ली त्याच्याकडे. पहिल्या लाटेत त्याची बायको एल्स गेली. तेव्हा ब्राबांत प्रांतातली हॉस्पिटलं तुडुंब भरली होती आणि घरच्यांना आत सोडत नव्हते. तेव्हापासून म्हातारा एका शनिवारकडून दुसऱ्या शनिवारकडे जगत होता. सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडायचा, केर काढायचा, कॉफी करायचा, आणि सगळे गेल्यावर पुन्हा एकदा केर काढायचा. इथल्या रीतीप्रमाणे सगळे त्याला नावानेच हाक मारत. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'ए मारिनुस' म्हणताना शैलेंद्रची जीभ सुरुवातीला अडखळायची, मग सवय झाली.

तर मारिनुसचा फुकटचा प्रेस त्याने घेतला नाही. जर्मनीहून नवाकोरा मागवला. तुटवडाच एवढा होता की तो येईपर्यंत उन्हाळा संपला. जिन्यामागच्या अडगळीच्या खोलीत जाडजूड टेबलाला त्याने तो बोल्टने आवळला आणि लगेच गेज लावून बसला. दांडा ओढला की चकती किंचित वर उचलली जात होती. केसभरच, पण जात होती. म्हणजे कंपनीने फसवलं! रात्रीचं जेवण त्याला गोड लागलं नाही. शेवटी मारिनुसला बोलावण्याशिवाय इलाज उरला नाही.

मारिनुस सायकलवरून आला. त्याने चकती अंगठ्याने दाबून बघितली. "सगळेच टरेट एवढे हलतात," तो म्हणाला. "दर वेळी तेवढंच हलतं ना? मग झालं. मोजायचं थांबव आणि काम शिक."

मग चष्मा कपाळावर चढवून त्याने एकेक डाय बसवून दिला. एक फुगलेली पुंगळी मापात आणणारा, एक तिच्यात पावडर सोडणारा, एक गोळी बसवणारा, एक कड आवळणारा. हात सावकाश चालत होते, पण कुठेही चाचपडत नव्हते. आणि निघताना दारात उभं राहून त्याने एकच गोष्ट सांगितली.

"एक पुंगळी हातात घेतलीस की तिचं काडतूस होईपर्यंत ती प्रेसमधून काढायची नाही. टेबलावर अर्धवट काही ठेवायचं नाही. फोन वाजू दे, बेल वाजू दे, आधी हातातलं पुरं करायचं."

"बरं," शैलेंद्र म्हणाला. मनात म्हणाला, ह्याला काय, रिटायर्ड माणूस, वेळच वेळ आहे. चार मीटिंगांच्या मधल्या फटीत काम करायचं तर असं कसं जमेल? त्याने आपली पद्धत बसवली. आधी सगळ्या पुंगळ्या एकदम मापात आणायच्या, टोप्या बसवायच्या आणि लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभ्या करून ठेवायच्या, तोंडं वर करून. सवड झाली की सगळ्यांत पावडर, मग सगळ्यांवर गोळ्या. कारखान्यात असंच तर करतात!

पावडरही मारिनुसनेच दिली. दुकानात मिळत नव्हती, म्हणून त्याने आपल्याकडचा अर्धा डबा रीतसर त्याच्या हवाली केला. अर्धाच का? आणि उरलेला अर्धा कधी वापरला होता? शैलेंद्रने झाकण उघडून पाहिलं, हुंगलं, चिमूट कागदावर पसरून टॉर्चने न्याहाळली. काही सापडलं नाही, तशी त्याची शंका आणखी वाढली.

दसरा शुक्रवारी आला. इकडे कसली सुट्टी? शैलेंद्र कानाला हेडसेट लावून अडगळीच्या खोलीतच कॉलवर उभा होता. पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या होत्या, पावडर तिजोरीत बंद होती. तेवढ्यात प्रांजली दारात आली. एका हातात तबक, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमध्ये नाशिकहून त्याची आई नीलांबरी.

"शैलू," आई फोनमधून म्हणाली, "तुझ्या बाबांनी सातपूरच्या लेथची पूजा एक दसरा चुकवली नाही. आणि तू घरात मशीन आणलंस ते असं पारोसं ठेवणार?" आईला काडतुसांचं काही सांगितलेलं नव्हतं. हाताने चालवायचं छोटं मशीन आणलंय, एवढंच तिला ठाऊक होतं.

"आत येऊ का?" प्रांजलीने हळूच विचारलं. "तुझा तो नियम आहे, म्हणून विचारते."

हेडसेटमध्ये मॅनेजर बोलत होता. शैलेंद्रने विचार केला, पावडर बंद आहे, तयार काडतूस एकही नाही, आणि बाबांचा लेथ त्यालाही आठवला. झेंडूच्या माळा घातलेला, तेलपाणी करून चकचकीत केलेला. त्याने हातानेच 'ये' म्हणून खुणावलं. प्रांजलीने प्रेसला हळदकुंकू वाहिलं, दांड्याला टर्किश दुकानातून आणलेली शेवंतीची फुलं बांधली.

"अक्षता टाक गं," आई फोनमधून म्हणाली. "तुपात कालवल्यास ना? सगळीकडे टाक, हात आखडू नकोस."

प्रांजलीने हात आखडला नाही. शैलेंद्र एका कानाने मॅनेजरला "येस, येस, ॲग्रीड" म्हणत हात जोडून उभा राहिला. नमस्कार झाला, आई समाधानाने हसली, प्रांजली बाहेर गेली. कॉल संपल्यावर त्याने चकतीवरचं कुंकू पुसलं, टेबलावरचे तांदळाचे दाणे वेचून टाकले. दुसऱ्या दिवशी सगळ्या पुंगळ्यांत पावडर ओतली, टॉर्च मारून एकेकीत डोकावला, सगळीकडे पावडरच पावडर दिसली. मग गोळ्या बसवल्या. त्या शनिवारी त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला.

नोव्हेंबर सरत आला. पेशंट पुन्हा वाढले, दीड मीटरचं अंतर पुन्हा सुरू झालं, दारात क्यूआर कोड दाखवून रेंजवर जावं लागायचं. शैलेंद्रने दसऱ्यापासून जपून ठेवलेली काडतुसं रिव्हॉल्वरमध्ये भरली आणि झाडायला लागला. पहिली चांगली गेली, दुसरी चांगली गेली. असा रंगात आला होता, आणि मधेच एक काडतूस नुसतं फुसकन वाजलं. धक्का नाही, आवाज नाही. त्याचं बोट सवयीने पुन्हा चाप ओढायला निघालं.

"थांब!"

मारिनुसने मागून येऊन त्याचं मनगट धरलं होतं. असं धरलं होतं की बोट हलेना. दीड मीटर कुठल्या कुठे गेलं. गोळी नळीतच अडकली होती. वर दुसरी झाडली असती, तर नळी त्याच्या हातात फुटली असती. मग हात राहिला असता की डोळे, कुणी सांगावं?

मारिनुसने रिव्हॉल्वर काढून घेतलं, रिकाम्या पुंगळ्या तळहातावर घेतल्या आणि त्यांतली एक उजेडात धरली. बराच वेळ तिच्यात बघत राहिला. मग त्याने शैलेंद्रकडे पाहिलं, आणि ती पुंगळी गुपचूप स्वतःच्या खिशात टाकली.

"उरलेली काडतुसं वापरू नकोस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "घरी जा आणि एकेक उघडून बघ. एकट्याने."

झालं! घरी येईपर्यंत शैलेंद्रच्या डोक्यात सगळं जुळलं. पुंगळी खिशात का घातली? पुरावा म्हणून. एकट्याने उघडायला का सांगितलं? उरलेला पुरावा मी माझ्याच हाताने नष्ट करावा म्हणून. आणि नेमका माझ्या मागेच कसा उभा होता तो? पावडर खराब आहे हे त्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून! अर्धा डबा उगाच नव्हता दिला!

"अरे, पण त्याने तुझा हात वाचवला," प्रांजली म्हणाली.

"स्वतःची कातडी वाचवली त्याने."

"शैलेंद्र, तुला कळतंय का तू काय बोलतोयस?"

त्याला कळत नव्हतं. काडतुसं तशीच तिजोरीत कुलूपबंद करून त्याने क्लबच्या अध्यक्षबाईंना फोन लावला आणि तक्रार केली. रेंजप्रमुखाने खराब पावडर दिली, आणि वर पुंगळी लपवली.

कमिटीची मीटिंग ऑनलाइन झाली. मारिनुसच्या चौकोनात त्याचं नुसतं कपाळ आणि मागचं स्वयंपाकघर दिसत होतं.

"पावडर तुझी होती?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझी."

"किती जुनी?"

"आठवत नाही."

"आणि ती पुंगळी कुठे आहे?"

"हरवली," तो म्हणाला. "जबाबदारी माझी. उद्या किल्ली आणून देतो."

एवढ्यावर मीटिंग संपली. शैलेंद्र जिंकला होता. लॅपटॉप मिटून तो स्वयंपाकघरात आला तर प्रांजली ओट्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तो म्हातारा खोटं का बोलला?" ती म्हणाली. "तूच सांगतोस ना, जमिनीवरचा साधा स्क्रू दिसला तरी उचलून बरणीत ठेवतो म्हणून. त्याच्या खिशातून पुंगळी हरवेल?"

हे खरं होतं. शैलेंद्रला ते काही गोड लागेना. इतक्या सहज माणूस किल्ली देतो? त्या किल्लीशिवाय त्याच्याकडे आहे काय? म्हणजे ह्याच्यामागे आणखी काहीतरी मोठं असणार. पावडरच तपासून बघायला हवी, म्हणजे ह्याचं पितळ उघडं पडेल.

रविवारी सकाळी त्याने उरलेली काडतुसं काढली. गोळी उपटायला एक हातोडीसारखं हत्यार मिळतं. त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटते आणि आतली पावडर बाहेर येते. एकेकाची पावडर तो पांढऱ्या कागदावर ओतत गेला. सगळी कोरडी, सुटी, चकचकीत. नाव ठेवायला जागा नव्हती. त्याला चीड यायला लागली.

मग एका पुंगळीतून पावडर पडेचना. त्याने ती कागदावर ठोकली. आधी पावडरचा एक चिकट गोळा पडला, आणि त्याच्यामागून तांदळाचा एक दाणा. लाल. त्याला अजून तुपाचा वास येत होता.

पुढच्या एका पुंगळीत दोन दाणे निघाले.

"प्रांजली!"

ती धावत आली, पण ह्या वेळी उंबऱ्यातच थांबली. त्याने कागद उचलून तिच्यासमोर धरला. तिचा हात तोंडावर गेला. "अक्षता," ती म्हणाली. "दसऱ्याच्या."

"आईने एवढं सगळीकडे टाक, टाक म्हणून..."

"हं, आता आईवर घे संशय!" प्रांजली एकदम कडाडली. "तेवढं एकच माणूस राहिलं होतं. शैलेंद्र, मी विचारलं होतं तुला, आत येऊ का म्हणून. तू ये म्हणालास. मी अक्षता टाकल्या तेव्हा तू इथे हात जोडून उभा होतास. आणि ह्या पुंगळ्या अशा तोंडं उघडी टाकून कुणी ठेवल्या होत्या?"

टेबलावर अर्धवट काही ठेवायचं नाही. दारात उभं राहून म्हाताऱ्याने एवढी एकच गोष्ट सांगितली होती. आणि ती पुंगळी रेंजवर उजेडात धरली, तेव्हा त्याला असाच लाल दाणा दिसला होता; तुपाने भिजलेली पावडर पेटलीच नव्हती. म्हणून तर म्हणाला, एकट्याने उघड. स्वतःची इतकी लाज शैलेंद्रला कधीच वाटली नव्हती.

तो तसाच सायकल काढून निघाला. मारिनुसने दार उघडलं आणि बाजूला झाला. स्वयंपाकघरात टेबलावर एकच कप होता. शैलेंद्रने खिशातली कागदाची पुडी टेबलावर उलगडली. मारिनुसने चमच्यांचा खण ओढला आणि त्यातून ती पुंगळी काढून पुडीशेजारी ठेवली.

"हरवली नव्हती," तो म्हणाला.

"तुला तेव्हाच कळलं होतं."

"माझ्या पावडरमध्ये तांदूळ नसतो." मारिनुसने एक दाणा बोटाने पुढे सरकवला. "आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीवर तांदूळ टाकतात. तुमच्याकडे मशीनचं लग्न लावतात का?"

शैलेंद्रला हसू आलं, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरले. त्याने सगळं सांगितलं. दसरा, बाबांचा लेथ, आईचा फोन, प्रांजलीने विचारलेलं, आणि आपण कॉलवर असताना हाताने केलेली ती खूण.

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीस?" त्याने विचारलं.

"बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, तांदूळ आत कसा गेला. मग तुझ्या घरात कोण आलं होतं ते निघालं असतं, आणि पोलिसांनी तुझा परवाना काढून घेतला असता." मारिनुस खुर्चीवर बसला. "मी बघतो, शैल. शनिवारी तू येतोस तेव्हा कसा दिसतोस आणि जातोस तेव्हा कसा दिसतोस. एल्सला नेलं तेव्हा मला आत सोडलं नाही. त्यानंतर तो एक तास नसता, तर माझं काय झालं असतं, मला माहीत नाही. तुझा तो तास जावा असं मला वाटलं नाही."

"आणि तुझा?"

मारिनुसने दाराकडे पाहिलं. दाराशेजारच्या खुंटीवर किल्ली नव्हती. "मी म्हातारा आहे," तो म्हणाला. "आज ना उद्या द्यायचीच होती."

"मी तुझ्याविरुद्ध तक्रार केली, मारिनुस."

"माहीत आहे. मीटिंगला होतो मी."

शैलेंद्रने खिशातून फोन काढला. मारिनुसला लगेच कळलं. "ते करू नकोस," तो म्हणाला. "मिटलंय आता. कुणाचं भलं होणार आहे त्यात?" पण तिकडे फोन लागला होता. टेबलावरच्या त्या एकट्या कपाकडे बघत शैलेंद्र अध्यक्षबाईंशी बोलला. पावडर चांगली आहे. पुंगळीत तांदूळ होता, आणि तो माझ्या घरचा होता. बायकोला आत मी येऊ दिलं. दार मी उघडलं होतं. पुंगळ्या मी अर्धवट टाकल्या होत्या. मारिनुसने मला हे करू नको म्हणून सांगितलं होतं.

"हे मला पोलिसांना कळवावं लागेल," बाई म्हणाल्या. "ह्याचा अर्थ तुला कळतोय ना?"

"कळतोय," शैलेंद्र म्हणाला. शनिवार त्याच्या डोळ्यांसमोरून जात होते.

फोन ठेवला तेव्हा मारिनुस त्याच्याकडे पाठ करून सिंकपाशी उभा होता. "मूर्ख," तो म्हणाला, आणि स्वच्छ असलेला कप पुन्हा विसळायला लागला.

आठवड्याभरात दोन पोलीस आले. सभ्यपणे बोलले, कॉफीही घेतली, आणि रिव्हॉल्वर, पावडर, परवाना घेऊन गेले. एक वर्ष तरी अर्ज करायचा नाही, म्हणाले. लगेचच देशभर लॉकडाऊन लागला आणि क्लबच बंद झाला. नाशिकहून आई फोनवर रडवेली झाली. "मी म्हटलं म्हणून झालं का रे हे, शैलू?"

"नाही गं आई," तो म्हणाला. "दार मी उघडलं होतं."

शनिवार आले की तो घरभर फिरायचा. अडगळीच्या खोलीतल्या रिकाम्या प्रेसचा दांडा उगाच ओढून सोडायचा.

जानेवारीच्या मध्यावर क्लब उघडल्याची बातमी आली. त्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात मारिनुस सायकल धरून उभा होता. कानटोपीखाली नाक लाल झालं होतं आणि मुठीत कमिटीने परत दिलेली क्लबची किल्ली होती.

"चल," तो म्हणाला.

"मला हातात काडतूससुद्धा धरता येत नाही, मारिनुस. वर्षभर."

"ठाऊक आहे. केर तर काढता येतो? महिनाभर बंद होतं, आत काय धूळ साचली असेल. आणि कॉफी करायला कुणीतरी लागेल."

प्रांजली जिन्यात उभी राहून ऐकत होती. आता हा दारातच दहा प्रश्न विचारणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं. मीच का? कमिटीला चालेल का? ह्यात तुझा काय फायदा?

शैलेंद्रने एकही विचारला नाही. त्याने बूट घातले, सायकल काढली आणि म्हाताऱ्याच्या मागोमाग निघाला.